ळचा खण

ते चरित्र मी लिहिलं, पैसे घेऊन.
वर नाव माझं नाही; चालतं असं.
पारोळ्याचे जिनिंगवाले रतिलालशेठ, पंचाहत्तरी,
एकशे साठ पानं, पुठ्ठा बांधणी,
शेठजींचे फोटो सतरा, शेठाणींचा एक.

जुळणी देवमन बडगुजरकडे,
चिंतामणी मुद्रणालय, किल्ल्यामागच्या बोळात.
बुटका माणूस. डाव्या अंगठ्याचं नख शिशानं काळं.
उलटी, पालथी अक्षरं सरसर वाचायचा
आणि हातात पेपर सरळ दिला की अडखळायचा.

चौथ्या दिवशी पोरगं निरोप घेऊन आलं: ळ संपले.
संपले म्हणजे?
त्यानं माझेच कागद माझ्यापुढे सरकवले.
तळमळ. कळकळ. जिव्हाळा.
पानाआड शेठजींचे डोळे पाणावलेले,
आतडं पिळवटलेलं,
वर पुन्हा अमळनेर, धुळे, जळगाव, भुसावळ, चाळीसगाव.
‘मास्तर,’ तो म्हणाला,
‘इतली तयमय कथाईन लयनात?’

त्याच्या तोंडात ळ नव्हताच.
डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी,
धुळे म्हणजे धुये.
जे अक्षर घरी कधी लागलं नाही
ते दिवसभर बोटांनी चाचपत बसायचा.
शेवटी धुये गाठून एका ओळखीच्या छापखान्यातून
पावशेर ळ उसने आणले,
तंबाखूच्या डब्यात, एसटीनं.

प्रकाशन झालं. शाल, नारळ, पेढे.
रात्री घरी सहज चाळताना
पान एकशे त्रेचाळीस.

माझं वाक्य जागेवर होतं:
बहात्तरच्या दुष्काळात शेठजींनी
वाघऱ्याच्या माळावर स्वखर्चाने विहीर खोदली.
आणि त्याखाली, त्याच टायपात, त्याच समासात,
मी न लिहिलेलं:

खोदणारे: गिलदार पावरा. फत्तू तडवी.
सुकलाल भोई व त्याचा भाऊ हिरामण.
रेवजी भिल, सुरुंगात गेला, वय एकोणीस.
लोटन मिस्तरी, याने कडे बांधले.
टोपल्या वाहणारी एक बाई, पाचवा महिना.
नाव मिळाले नाही.

सकाळी गेलो तणतणत.
(माझे अर्धे पैसे अजून शेठजींकडेच होते.)
तो रॉकेलनं फर्मा धूत होता.
मान वर न करता म्हणाला,
‘पानवर जागा उरनी व्हती.
खाली जागामा आपन शिसं भरतंस.
मी मानसं भरात.’

मला वाटलं, त्यातला एखादा याचा बाप असेल,
चुलता, निदान भाऊबंद.
कोणीच नव्हतं.
तीन रविवार सायकल हाणत गेला होता माळावर,
विचारत.
मी? मी शेठजींच्या ओसरीवर, पंख्याखाली,
चहा पीत लिहून घेतलं होतं सगळं.

कुणाला कळलं नाही.
एकशे त्रेचाळिसाव्या पानापर्यंत जातं कोण?
शेठजींच्या घरच्यांनी हजार प्रती वाटल्या,
लग्नात, मुंजीत, आलेल्या कलेक्टरला.
हजार कपाटांत रेवजी भिल अजून एकोणीस वर्षांचा.

आता देवमनवर दोन पानं मागितलीत कुणीतरी,
कामगारांच्या स्मरणिकेसाठी.
जन्मतारीख नाही. रेशनकार्डावर ‘सुमारे’.
बायकोचं नाव आठवत नाही; विचारलं होतं का कधी?
कॉम्प्युटरवर ळ हवे तेवढे.
दोनदा तळमळ लिहिलं, दोनदा खोडलं.

त्या सकाळी त्यानं ळचा खण ओढून दाखवला होता.
तळाशी नुसती काळी धूळ.
शेवटचा कुठे लावला, ते बोलला नाही.
काल भिंग घेऊन बसलो.
‘मिळाले’मधला ळ
बाकीच्यांहून झिजका आहे, जरासा कलता,
धुयाचा.